पाटलांच्या नावावर मांडलेले एकतीस रुपये

सभेचे नियम मीच लिहिले होते. तीनच होते. येणाऱ्या प्रत्येक रकमेपुढे देणाराचे नाव हवे. ती नावे दर पंधरवड्याला ठाण्याच्या साप्ताहिकात छापायची. आणि 'एक हितचिंतक' म्हणून कोणी पैसे पाठवले तर ते आल्या पावली परत करायचे.

हे नियम करायची पाळी मुंबईच्या एका वृत्तपत्राने आमच्यावर आणली. खाडीकाठची लहान मिठागरे सरकार बंद करणार अशी बोलवा होती. त्याविरुद्ध अर्ज करावा म्हणून आम्ही कल्याणास सभा काढली. एक वकील, दोन व्यापारी, एक वैद्य, आणि चिटणीस म्हणून मी. मी त्या वकिलांकडेच कारकून होतो. दुसऱ्याच महिन्यात मुंबईच्या पत्राने लिहिले की सभेचा सगळा खर्च कोणी बडा मीठव्यापारी करतो आणि मिठागरांत राबणाऱ्या गरीब आगऱ्यांना नुसते पुढे उभे केले आहे.

"बडा व्यापारी पाठीशी असता तर आज पानसुपारी तरी मिळाली असती," वैद्य म्हणाले. सगळे हसले, पण वकिलांच्या कपाळाची आठी गेली नाही. मग मी नियम वाचून दाखवले आणि ते एकमताने मंजूर झाले.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ठाण्याच्या साप्ताहिकाला कल्याणच्या बातम्या पुरवणारा 'आमचा बातमीदार' मीच होतो. सभेचे कौतुक सभेचा चिटणीसच छापून आणतो, हे फक्त मला आणि संपादकांना ठाऊक होते. बातमीदाराचे नाव द्यायची रीत नव्हती, म्हणून त्यात काही वावगे आहे असे मला कधी वाटले नाही.

फाल्गुनात एके सकाळी पाटील माझ्या ओटीवर आले. दोन कोसांवरच्या खाडीकाठच्या गावचे हे पाटील, चाळिशीचे, उन्हाने रापलेले. कमरेचे फडके सोडून त्यांनी नाणी जाजमावर ओतली. रुपये थोडे, बाकी सगळी चिल्लर. मोजून एकतीस रुपये भरले.

"कोणाच्या नावे लिहू?" मी विचारले.

"गावाचं लिवा."

"गाव हे नाव नाही, पाटील. माणसाचे नाव हवे."

"आमचे गावातनं काय बी बाहेर जातं ते पाटलाच्या हातनं जातं. म्हनून मी आलो. पैशे सगल्यांचं."

"सगळ्यांची नावे सांगा मग."

ते हसले. "चिटनीस, सांज व्हईल. आनि कोनी किती टाकलं ते मोजत नसतात आमच्यात."

मला वेळ नव्हता. अकराला कोर्टात जायचे होते, यादी दुपारच्या गाडीने ठाण्याला जायची होती, आणि रिकामी जागा सोडणे मला जमत नाही. मी पाटलांचे नाव, त्यापुढे 'पाटील', गावाचे नाव आणि रक्कम लिहिली.

"काय लिवलंव?" त्यांनी विचारले. त्यांना वाचता येत नव्हते.

"तुमच्या हातून आले असे."

हे पुरते खोटे नव्हते. खरेही नव्हते. पाटील समाधानाने उठून गेले.

यादी छापून आली. तिच्यात सर्वात मोठी रक्कम पाटलांची. आठवड्यातच मुंबईच्या पत्राने ती उचलली: सरकारविरुद्ध अर्ज करणाऱ्या सभेचा पोशिंदा सरकारचाच वतनदार पाटील! त्यानंतर चारच दिवसांनी मामलेदार कचेरीतून पाटलांना नोटीस गेली. सरकारविरुद्ध चळवळीस पैसे पुरवल्याबद्दल पाटिलकी तहकूब का करू नये, याचे उत्तर येत्या शनिवारी हजर राहून द्यावे.

नोटीस घेऊन ते माझ्याकडेच आले. मी वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली.

"म्हंजे तुमी माजंच नाव घातलं."

"हो."

"मी बोललो व्हतो ना?"

"बोलला होता."

ते ओरडले असते तर मला बरे वाटले असते. "माजे आज्यापासनं हाय पाटिलकी," एवढेच बोलले. माझ्या बायकोने पाणी आणून ठेवले होते, ते तसेच राहिले.

मी दुसऱ्या दिवशी ठाणे गाठले. साप्ताहिक शिळाछापखान्यात छापत. लेखनिक कागदावर मजकूर लिही, तो दगडावर उतरवत आणि दगडावरून प्रती काढत. संपादकांनी माझे ऐकून घेतले आणि लगेच तोड काढली.

"लेखनिकाची चूक झाली म्हणून चार ओळी टाकतो. कोणाचेही दुसरे नाव घालू. लेखनिक आपला आहे, बोलणार नाही."

"मग आमची पुढची यादी कोण खरी मानील?"

"पुढच्या यादीचे राहू द्या हो. पाटलाची पाटिलकी राहते का ते बघा." त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "शुक्रवारी दुपारी मजकूर दगडावर चढतो. तोवर काय ते कळवा."

तेव्हा हातात तीन दिवस होते. गाडीत बसल्या बसल्या मी वहीत मार्ग मांडले. लेखनिकावर ढकलणे, हे खोटे. गप्प बसणे, म्हणजे पाटिलकी गेली. एकतीस रुपये ज्यांनी ज्यांनी दिले त्यांची खरी नावे छापणे, हे खरे आणि नियमाला धरून. मी तिसऱ्याखाली रेघ मारली. त्यात माझी स्वतःची वहीही साफ राहत होती, हे मला तेव्हा जाणवले नाही.

बुधवारी मी गावात गेलो. मीठ ओढायचे दिवस होते. बांधावर पांढरे ढीग लागलेले, माणसे गुडघाभर चिखलात. पाटलांनी हाक दिली तशी सगळी बांधावर जमली. पाटलांची चुलती, सगळा गाव जिला काकी म्हणे, ती टोपली पालथी घालून तिच्यावर बसली. साठीची विधवा, आवाज मात्र आगराच्या पलीकडे जाईल असा.

मी सगळे समजावून सांगितले. प्रत्येकाने आपले नाव आणि रक्कम सांगावी, म्हणजे पाटील सुटतील.

एक तरणा पुढे झाला. "आमचं नाव छापून आलं की मीठखात्याचा शिपाई दुसरे दिशी हजर. आगराचा परवाना काडून घेतला तर खायाचं काय? मीठ?"

"तर मग माझी पाटिलकी जाऊ दे म्हन ना," पाटील म्हणाले.

"तसं नाय रं दादा..."

"तसंच हाय!"

दोघेतिघे एकदम बोलू लागले. एक जण दुसऱ्याच्या अंगावर गेला, त्याला बाजूला ओढावे लागले. काकीने हात वर केला.

"काय रं कारकुना, तो पेपर आनलाय? आमचेबद्दल जे लिवलंय ते वाच."

मी वाचले. खाडीकाठच्या कष्टाळू लोकांविषयी माझेच वाक्य होते, आणि ते तिथे उभ्याने वाचताना फार गोड लागत नव्हते.

"ह्ये लिवलं कोनी?"

"पत्राच्या बातमीदाराने."

"त्याचं नाव वाच."

"बातमीदाराचे नाव छापत नाहीत, काकी."

"का रं? त्याला भ्या वाटतं?"

बांधावर हशा पिकला. मघा भांडणारेही हसले. पाटील तेवढे हसले नाहीत.

"तो मीच," मी म्हणालो.

हसणे थांबले. काकीने पदराने तोंड पुसले. "मंग जा घरी," ती म्हणाली. "हितं नावं नाय मिलायची."

परत येताना कल्याणच्या वाटेवर बैलगाडीत मी वही उघडली नाही. घरी येऊन एका बैठकीत मजकूर लिहिला. अमुक गावाच्या वर्गणीपुढे पाटलांचे नाव घातले गेले ते चुकीने. रक्कम गावाची असून पाटलांनी ती फक्त पोचवली, हे त्यांनी देतेवेळीच स्पष्ट सांगितले होते. चूक सर्वस्वी चिटणीसाची. सभेचा चिटणीस आणि या पत्राचा कल्याणचा बातमीदार हा एकच मनुष्य आहे, हेही वाचकांस कळावे. खाली माझे नाव.

बायकोने वाचले. "वकीलसाहेब ठेवतील का हो कामावर?"

"माहीत नाही."

"विचारून तरी पाठवा."

"विचारले तर पाठवता येणार नाही."

गुरुवारी सकाळच्या गाडीने मजकूर गेला. शनिवारी छापील अंक मामलेदारांच्या मेजावर माझ्या आधी पोचला होता.

पाटील समोर उभे, मी बाजूला. मामलेदारांनी अंक वाचून घडी घातली आणि आधी मला विचारले.

"तुम्ही म्हणता पैसे गावाचे. कोणी दिले?"

"मला सांगता येणार नाही, रावसाहेब."

"येणार नाही की सांगायचे नाही?"

"सांगायचे नाही."

त्यांनी लेखनिकाला ते शब्द तसेच उतरून घ्यायला सांगितले. मग पाटलांकडे वळले. "पाटील, पैसे तुमचे नव्हते याला पुरावा काय? चिटणीस आधी एक लिहितो, नंतर दुसरे. मी कोणते धरू?"

पाटलांच्या कानशिलावरून घाम उतरत होता. मी बोलायला तोंड उघडले तर मामलेदारांनी हातानेच गप्प केले. तेवढ्यात दाराशी शिपायाचा आवाज चढला, आणि त्याच्या हाताखालून काकी आत आली.

"पैशे मी गोला केलं," ती म्हणाली. "घरोघर फिरून. यानं नुसतं नेलं."

"बाई, तुम्ही कोण?"

"याची चुलती."

"कोणाकोणाकडून घेतले?"

"बायांकडनं. गवताचं, कोंबडीचं, अंड्याचं पैशे. चार आनं, आठ आनं."

"त्या बायांची नावे?"

"लेकीसुनांची नावं कचेरीत लिवनार?"

मामलेदार थोडे अडखळले. "बरे, कोणाच्या बायका ते सांगा. नवऱ्यांची नावे द्या."

काकीने पदर पुढे ओढला. "सगला गाव माजं सासर, रावसाहेब. कोन जेठ, कोन दीर, कोन मामंजी. माज्या तोंडानं त्यांची नावं कशी घेऊ? तुमचे घरची बाई घेते?"

एक कारकून खोकल्याचे निमित्त करून खिडकीकडे वळला. मामलेदारांनी पाटलांकडे पाहिले. पाटील जमिनीकडे पाहत होते. मामलेदारांनी हुकूम सांगितला: वर्गणी बायकांनी जमवलेली दिसते. पाटलास सक्त ताकीद. पुन्हा सभेचा पैसा हातात धरला तर पाटिलकी जाईल. पाटलांनी कागदावर सहीऐवजी नांगराची निशाणी केली, काकीने बायकांच्या रीतीप्रमाणे बांगडीची.

बाहेर आवारात पाटलांनी प्रथम मोठा श्वास सोडला. मी काकीला विचारले, "खरेच बायकांचे होते का?"

तिचे लक्ष माझ्या हाताकडे गेले. नकळत मी पेन्सिल काढली होती.

"लिवनार व्हय रं परत?"

मी ती खिशात ठेवली. दोघे चालू लागली. पाटील दहा पावलांवरून मागे आले. "तुमी तिकडं नाव सांगितलं नाय, ते बरं केलं," ते म्हणाले. "पन आता आमचे गावात सभेचं काय काडू नका."

मुंबईच्या पत्राने पुढचा आठवडा माझ्यावर खर्च केला: सभाच स्वतःची बातमीदार! संपादकांनी नवा बातमीदार नेमला. वकिलांनी चिटणीसपद काढून घेतले, कारकुनी मात्र ठेवली. ती का ठेवली हे मी विचारले नाही. नव्या चिटणीसाला दप्तर देताना एकतीस रुपयांपाशी आम्ही दोघे अडलो. नियमाप्रमाणे रक्कम परत करायला हवी होती. मी निरोप पाठवला, तर दिलेले परत घेत नाही असे काकीने उलट कळवले. शेवटी त्याने 'गावच्या बायकांकडून' असे लिहिले आणि पहिल्या नियमाखाली बारीक अक्षरात अपवाद घातला.

अर्ज गेला. पाटील पाटीलच राहिले. त्या गावातून सभेला पुन्हा पैसा आला नाही, आणि मी मागायला गेलो नाही.