दोन कीबोर्ड आणि एक बंद अभ्यासिका

पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीच्या अभ्यासिकेवर ‘दुरुस्तीसाठी तात्पुरती बंद’ अशी पाटी लागून दुसरा उन्हाळा चालू होता. दुरुस्ती करायला कोणी फिरकलंच नव्हतं. परीक्षा देणाऱ्या मुली देवळाच्या पायरीवर बसून अभ्यास करायच्या. म्हणून मी पत्रक लिहायला घेतलं. मथळा: ‘तात्पुरती म्हणजे किती?’ दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या सोसायटीच्या सभासदांची बैठक. पत्रक पाचच्या आत छापखान्यात गेलं नाही, तर मुलींसमोर रिकाम्या हातानं उभं राहायचं.

नेमके त्याच दिवशी घरात उडदाचे पापड. गल्लीतल्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन हजर. पंखा बंद, कारण पापड उडतात. चळवळीच्या पोरीनं काम टाळलं असं कोणी म्हणायला नको, म्हणून मी चार पापड लाटायचे, दोन ओळी लिहायच्या. व्हायचं तेच झालं. पीठ लॅपटॉपच्या बटणांत शिरलं. अर्धी बटणं मेली आणि काना अडकला. पडद्यावर ‘अभ्यासिकााााााा’! माझ्या पत्रकांना ओरडायची सवय आहे, पण इतकी नाही.

शेजारून वेगळा कीबोर्ड आणून जोडला. आता लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड तेवढा तात्पुरता बंद करायचा होता. पिठाच्या हातानं कर्सर भलतीकडे पळायचा, म्हणून टचपॅड आधीच बंद करून टाकला होता. सेटिंगच्या यादीत दोन कीबोर्ड, दोघांचं नाव एकच. मी एकावर ‘बंद करा’ दाबलं. खात्री आहे का, असं विचारलं. खात्री मला नेहमीच असते.

पाहुणा कीबोर्ड मेला. काना चालूच! ज्याला गप्प करायचं तो बडबडतोय आणि ज्यानं बोलायचं त्याचं तोंड बंद. लॅपटॉप दोनदा बंद करून चालू केला. बंदी तशीच, आणि ती उठवायला ना टचपॅड, ना धड बटणं. घड्याळात सव्वाचार.

“काय वं पोरी, अशी का बठी गयी?” नरडाण्याकडच्या अक्कांनी लाटता लाटता विचारलं.

“अक्का, मीच बंद केलं सगळं. आता ऐकतच नाही.”

“बठ्ठं बंद करी टाकं? आनि दुसरास्ना नावनं पत्रकं काढस!” बायका खदखदल्या. मग अक्का वाकून, वायर खुपसली होती तिथे बोट दाखवत म्हणाल्या, “आठे ऐकस नही ना? मंग बाजूना भोकमा घाल. राशनना दुकानवर मी असंच करस. एक रांग हालस नही, तं दुसरीमा घुसस.”

मी चिडून, केवळ त्यांना खोटं पाडायला, वायर शेजारच्या भोकात खुपसली. कीबोर्ड जिवंत! लॅपटॉपला वाटलं, कोणी नवीनच आलंय. या वेळी यादीतला बरोबर कीबोर्ड बंद केला आणि काना थांबला.

पत्रकाचं शेवटचं वाक्य होतं, ‘अध्यक्षांना पाचवं निवेदन देऊ.’ ते खोडलं. आधीची चारही त्याच भोकात घातली होती की! त्याऐवजी लिहिलं, ‘अभ्यासिकेची चावी उद्या सभासदांनीच मागावी.’

पाचला दहा कमी असताना पत्रक छापखान्यात गेलं. बैठकीत चावी मागायला सगळ्यांत आधी अक्का उठल्या.