फडक्यातली भाकरी

यंत्रमागांच्या गल्लीत एक छोटं हॉटेल होतं. भाकरी घरून न्यायची आणि तिथं नुसती शेंगाभाजी घ्यायची, अशी रीतच होती. कामगार फडक्यातली कडक भाकरी ताटात चुरत आणि वर शेंगदाण्याची ती दाट, तिखट भाजी ओतून घेत. पैसे फक्त भाजीचे. माझे वडील, आबा, मोहोळकडून येऊन टॉवेलच्या कारखान्यात लागले, ते निवृत्त होईपर्यंत दुपारचं तिथंच जेवले. दुसऱ्यांदा भाजी मागितली तर मालकीण वेगळे पैसे घेत नसे.

आई गेल्यापासून आबांचं जेवणावरचं मन उडालं होतं. दोन घास खाऊन ताट सारायचे. एके दिवशी आपणहून म्हणाले, "लई दिस झालं, शेंगाभाजी खाऊ की."

मी तडक रिक्षा बोलावली. आबांनी भाकरी फडक्यात बांधून घेतली. जागेचं भाडं तिप्पट झालं आणि मालकीण गाशा गुंडाळून गेली, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं?

तिथं आता कॅफे आहे. भिंतीवर मागावर आडवा धागा नेणारे जुने धोटे टांगलेत. ते धोटे चालवणाऱ्यांना परवडेल असं मात्र तिथं पाणीसुद्धा नाही. भाकरीच्या एका थाळीच्या पैशांत आमच्या घरी आठवड्याची भाजी येते. ज्वारी गरिबाची म्हणून जे नाक मुरडायचे, तेच आता तिचे फोटो काढतात, आणि आम्ही दुकानात ज्वारीचा भाव विचारून बऱ्याचदा गहूच घेऊन येतो. संताप येतो मला.

आबा धोट्यांकडे बघून हसले, खुर्चीत बसले आणि त्यांनी फडकं सोडलं. वेटर आला.

"सर, बाहेरचं खाणं चालत नाही इथं."

"बाहेरचं न्हाय, घरचं हाय," आबांनी त्याला समजावलं.

त्यानं भिंतीवरची पाटी दाखवली. त्याचा काय दोष, तो नोकरी करत होता. पण मी? शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघत होते आणि मला लाज वाटली. मी दबक्या आवाजात म्हणालो, "आबा, बांधा ते." मग तीच महागडी थाळी मागवली. आबांनी तिला हात लावला नाही.

घरी येईपर्यंत मी रिक्षात तावातावानं बोलत होतो. भाडं, भाव, ही नवी थेरं, सगळ्यांचा उद्धार केला. आबांनी फडकं मांडीवर धरलं होतं.

संध्याकाळी ते आमच्या स्वयंपाकघरात टेबलाशी येऊन बसले. तेच फडकं समोर ठेवलं आणि माझ्याकडे बघत विचारलं, "हितं सोडली तर चालंल न्हवं?"

मी हो म्हणेपर्यंत त्यांनी गाठीला हात लावला नाही.