भर दुपारी गेलेली लाइट

मंगलला जाऊन दीड महिना झाला. लोक भेटायला येतात, म्हणतात, पोरगी मोठी सोसणारी, कधी तक्रार केली नाही. मी मान हलवते... खोटं आहे ते. तिने तक्रार केली होती, माझ्याकडेच केली होती.

मंगल माझी धाकटी बहीण. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आठव्या महिन्यात शिंदखेड्याहून पहूरला आमच्याकडे आली. तिची बोली पार सासरची झालेली, आणि माझी जीभ आधीपासूनच तिखट. मी तिला त्यावरून रोज चिडवायची. घरात बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, धांदल होती. आईने पहाटे ज्वारीचं पीठ शिजवून दिलं आणि आम्ही दोघी गच्चीवर ओल्या धोतरावर बिबडे थापायला बसलो. तिचे बिबडे एकमेकांवर चढायला लागले. मी म्हटलं, काय गं, हात सासरीच ठेवून आलीस का? ती हसली. मग म्हणाली, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चांदण्या चमकताहेत. मी म्हटलं, ऊन लागलं असेल, पांढऱ्या कापडाकडे बघून तसं होतंच. सावलीत बैस, सोमवारी तपासणी आहेच. वर कांदा फोडून हुंगायला दिला. तिचे पाय सुजलेले मला दिसत होते. सगळ्यांचेच सुजतात, म्हणून मी बिबडे पुरे करत बसले.

दुसऱ्या दिवशी जेवताना ती ताटात नुसताच हात फिरवत राहिली. मग विचारलं, "अक्का, लाइट गई का?" भर दुपार होती, दार सताड उघडं होतं.  तरी माझ्या तोंडातून निघालं, "हो, गेलीय. येईल."

जळगावला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बीपी फार वाढलंय, त्याने डोळ्यांच्या पडद्यामागे पाणी साचलंय. बाळंतपण झालं की बहुतेकींना पुन्हा दिसायला लागतं. आधी डोळ्यांपुढे काही चमकत होतं का, असंही त्यांनी विचारलं. आई शेजारीच उभी होती... मी नाही म्हटलं. खरं सांगून काही वाचलं असतं का, कोण जाणे. पण तो 'नाही' माझा पाठलाग सोडत नाही.

सिझेरियन झालं, मुलगी झाली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मंगल एकदम म्हणाली, खिडकी दिसतेय. आई रडलीच. नर्स म्हणाली, दुपारी बाळ आणून दाखवते.

अकराच्या सुमाराला मंगलच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही.

बाळाचे सात फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत. मी ते पुसले नाहीत, उघडलेही नाहीत. त्या सकाळी तिने ते दोनदा मागितले होते. मी म्हटलं होतं, "फोटोत काय बघतेस? दुपारी लेकीलाच बघ डोळे भरून. जरा दम धर."