मामांची टाळी

मामा कुठल्याही खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवायचे. एकच, कोरडी. मग मान तिरकी करून डावा कान पुढे करायचे आणि म्हणायचे, "खोली काय म्हनती ते ऐका आधी."

उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं स्पीकर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही. तुमच्याही गल्लीत असं कुणी असेल, ज्याचं नाव विचारायचं वर्षानुवर्षं राहून जातं.

मी त्यांच्याकडे गेले ती यादी घेऊन. मी सगळं यादीनेच करते. खुलताबादची सुनीता इथं वसतिगृहात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. तिला दिसत नाही. इतिहासाचं जाडजूड पुस्तक कुणी वाचून दिलं तरच तिचा अभ्यास होणार होता, आणि या खेपेला जमलं नाही तर वसतिगृह सोडून घरी जावं लागणार होतं. मी उत्साहाने मागची खोली रिकामी केली, नवा कंडेन्सर माइक आणला, तीन प्रकरणं वाचून, रेकॉर्ड करून पाठवली.

तिचा फोन आला. "मॅडम, रागवू नका. तुम्ही रिकाम्या टाकीत बसून वाचता का? दोन शब्द एकावर एक येतात. सनावळ्या तर कळतच नाहीत."

मग मी नवी यादी केली. पहिल्या क्रमांकावर आणखी भारी माइक. मामांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्याबरोबर घरी आले. टाळी वाजवली. खोली पत्र्याच्या डब्यासारखी वाजली. फरशी, काच, उघड्या भिंती. मीच निगुतीने रिकामी केलेली.

"ताई, तुमचा माइक चांगलाय. लई इमानदार. पर जे ऐकंल ते समदं सांगतो. तुमचा आवाज, भिंतीचा आवाज, शेजारचा कुकर बी."

"मग भारी घेऊ?"

"भारी घेतला तर कुकरच्या शिट्ट्या मोजून सांगंल."

त्यांनी दुकानातून एक जुना डायनॅमिक माइक आणून दिला. जयंतीच्या कार्यक्रमांत भाषणं ऐकून त्याची जाळी चेपली होती. "ह्याला लांबचं ऐकू येत नाय. जवळ बसा, चार बोटांवर. थेट नका फुंकू, जरा बाजूनं बोला."

दुसऱ्या दिवशी ते चार घोंगड्या घेऊन आले. जाड, काळ्या. मामांचं घराणं मेंढपाळांचं, वेरूळच्या पलीकडचं. भाऊ अजून मेंढरं राखत होता. "ह्या भिंतीवर टांगा. लोकर आवाज गिळती."

संध्याकाळी आमच्या यांनी दार उघडून नाक वर केलं. "मेंढरं आत बांधलीत की गच्चीवर?"

मी पट्टी लावून, चारी कोपऱ्यांत खिळे ठोकून घोंगड्या भिंतींवर ताठ बसवल्या. एकही सुरकुती नाही. मामा आले, टाळी वाजवली आणि हसले. "ताई, फोटो लावलेत का?" त्यांनी सगळे खिळे उपटले. भिंतीपासून वीतभर पुढे तारा ताणल्या आणि त्यावर घोंगड्या सैल, चुण्या पाडून टाकल्या. "मागं जागा सोडावी लागती. आवाजाला दमायला जागा पायजे." पुन्हा टाळी. या वेळी ती हातातल्या हातातच संपली.

त्या दिवशी मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहून चहाचं विचारलं. तीनदा. ते तारच पिळत होते. मी समोर गेले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. "ह्यो कान मिरवणुकीत गेला," ते म्हणाले, जणू छत्री विसरली असावी. "तीस वर्षं स्पीकरच्या शेजारी हुभा होतो. एक ऱ्हायलाय, त्याला जपतो."

त्यांनी माझी यादी परत दिली. माझ्या पाच ओळींवर काट होती आणि खाली त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात होतं: खोली. घोंगडी. बसायची जागा. मग माइक.

मी तिन्ही प्रकरणं पुन्हा वाचली. सुनीताचा फोन आला. "मॅडम, आता तुम्ही माझ्यासमोर बसून वाचताय." पुढची सगळी प्रकरणं मी त्याच खोलीत वाचून तिला पाठवली.

मामांनी नंतर दुकान बंद केलं. राहिलेल्या कानाला गावाकडची शांतता बरी, म्हणाले. मी घोंगड्या घड्या घालून परत करायला गेले, तर हातसुद्धा लावला नाही.

"ऱ्हाऊ द्या. मेंढीला परत लोकर येती."

त्या जागी आता झेरॉक्सचं दुकान आहे. सुनीता पूर्वपरीक्षा पास झाली. निकाल कळवला त्याच फोनवर तिने विचारलं, "मुख्य परीक्षेची पुस्तकं कधी सुरू करताय?"

मी यादी केली. पाच पुस्तकं. काल सकाळी कुकर उतरवला, घोंगड्या पुन्हा तारांवर सैल टाकल्या, खोलीचं दार लावलं, चेपलेल्या जाळीचा माइक चार बोटांवर घेतला. वाचायच्या आधी एक टाळी वाजवली आणि नकळत मान तिरकी केली.

खोली काही बोलली नाही. मी पहिलं पान उघडलं.