खंडेनवमीला काढलेली जाळी

मशीनला जाळी बसवणाऱ्या माणसाला वर्कशॉपात काडीची किंमत नसते. टर्नरला असते, वेल्डरला असते, इंजिन बांधणाऱ्या मिस्त्रीपुढे तर ट्रकवाले हात जोडून उभे राहतात. मी मेंटेनन्सवाला. मशीन चालू असलं की माझी आठवण कोणाला नाही, आणि बंद पडलं की दिवसभर माझ्या नावाने शंख. त्यामुळे मी तोंडाचा तिखट झालो, की आधीपासूनच तसा होतो, हे मला आता सांगता येत नाही.

जळगावला आयटीआय करून मी धुळ्याला आग्रा रोडवरच्या एका वर्कशॉपात लागलो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ट्रकचे ब्रेकड्रम, क्रँक, हाउसिंग, सगळं काम तिथे व्हायचं. चार लेथ होते. त्यांतला सगळ्यात मोठा जुन्या पद्धतीचा, बाजूला चढत्या मापाच्या चाकांची उतरंड आणि तिच्यावर हाताएवढा रुंद चामडी पट्टा. पट्टा सगळा उघडा. फिरायला लागला की सापासारखा सळसळायचा. एका वर्षी फॅक्टरी इन्स्पेक्टर येऊन गेला, त्याने तो पट्टा पाहिला आणि शेठला नोटीस दिली. शेठने नोटीस माझ्या अंगावर भिरकावली. "बनव काहीतरी. त्याच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे, बास."

मी नुसतं दिसण्यापुरतं बनवलं नाही, हे माझ्या बाजूने एवढं एकच सांगण्यासारखं आहे. अँगलची चौकट केली, तिच्यावर जाळी मारली. जाळीच्या भोकात करंगळीसुद्धा जाणार नाही अशी बघून आणली, आणि चाकापासून चांगली वीतभर लांब ठेवली. पत्र्याच्या कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या, नाहीतर हात वाचवायला बसवलेली जाळीच हात कापते. धक्क्याने बोल्ट ढिले होतात, म्हणून प्रत्येकाखाली स्प्रिंग वॉशर घातला. पिवळा रंग दिला. सहा बोल्ट.

त्या लेथवरचा टर्नर माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. सगळे त्याला नाना म्हणायचे. शिरपूरकडच्या खेड्यातला, बोलणं अस्सल खान्देशी. हात असा, की माप घ्यायच्या आधीच बोटाने सांगायचा, अजून केसभर काढायचंय. शेठ त्याच्याशी वर मान करून बोलत नसे. नानाने माझी जाळी पाहिली आणि तंबाखू थुंकून म्हणाला, "मशीनले बांगड्या भरी का रे भो तू?"

झालं. त्या दिवसापासून मी वर्कशॉपात कासार. "कासारभाऊ, माझ्या ग्राइंडरला हिरव्या भरा." "कासारभाऊ, माप घ्यायला येऊ का?" बठ्ठा, म्हणजे सगळाच, गोतावळा दात काढायचा.

खरं सांगायचं तर नानाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. लेथचा वेग बदलायचा म्हणजे पट्टा एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवायचा, आणि त्यासाठी दर वेळी सहा बोल्ट काढायचे. दिवसातून दहा वेळा कोण काढेल? नाना सकाळी आला की जाळी काढून भिंतीला लावून ठेवायचा, आणि मी रोज संध्याकाळी ती परत बसवायचो. चूक माझी होती. काम करणाऱ्याच्या आड येणारी जाळी टिकत नसते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मग मी तिला बिजागरीचं दार केलं, आणि दार टेकतं तिथे मशीनच्या अंगावर एक बटण बसवलं. दार लागलं की बटण दाबलं जायचं आणि मोटरला करंट मिळायचा. दार उघडलं की मोटर ठप्प. पट्टा सरकवायला आता दोन मिनिटं पुरत होती. नाना चार दिवस शिव्या घालत राहिला, पाचव्या दिवशी गप्प झाला, आणि एकदा तर स्वतःच म्हणाला, "बरं करं तू." पण चारचौघांत नाही म्हणाला. चारचौघांत मी कासारच राहिलो. मला ते डाचायचं. माणसाला एकांतात दिलेला मान पुरत नाही.

मी दर महिन्याला ती जाळी तपासायचो. आधी मेन स्विच बंद, फ्यूज काढून माझ्या खिशात, मग हात आत. बोल्ट आवळायचे, बिजागरीला तेल, बटण दाबून सोडून पाहायचं. दीड वर्षात त्या पट्ट्याने कोणाचं नखसुद्धा घेतलं नाही.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमी म्हणजे वर्कशॉपाची दिवाळी. आदल्या दिवशी मशीनं रॉकेलने धुवायची, सकाळी सगळे पाने, हातोडे, कानशी घासून पाटावर मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं. एकदा पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या दुपारपर्यंत कोणी उचलायचं नाही. उचललं तर ते वर्षभर हाताला दगा देतं म्हणतात. पूजा करायचे शेठचे वडील, आबा. मोठा दरारा होता त्यांचा. सकाळी ते आले, लेथपुढे उभे राहिले आणि मला म्हणाले, "हे काय? देवी अशी जाळीत कोंडून पूजा करतात का रे? चाकाला कुंकू कुठून लावू, भोकातून?"

नुसतं दार उघडून आबांना चालेना, म्हणून मी चौकटीसकट सगळी जाळी काढली. माझ्या हाताने, सहाच्या सहा बोल्ट. नाना तेव्हा आलाही नव्हता. जाळी भिंतीला लावली, बोल्ट एका वाटीत ठेवले, आणि ज्या पान्याने काढले तो पाना बाकीच्यांबरोबर पाटावर गेला. आबांनी चाकांना कुंकू लावलं. सगळ्यात मोठ्या चाकावरून झेंडूची माळ घातली. त्या वर्षी बाजारात नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेल्या माळा नव्याने आल्या होत्या, तुटत नाहीत म्हणून लोक कौतुकाने घेत होते.

नाना नवा सदरा घालून आला. आरती झाली. प्रसाद वाटता वाटता नानाची नजर भिंतीला लावलेल्या जाळीवर गेली, आणि त्याच्या अंगात आलं. देवीच्या ओटीतल्या हिरव्या बांगड्या त्याने उचलल्या, जाळीच्या कडीला अडकवल्या, वर खण टाकला, पुढे नारळ ठेवला, आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "या रे, कासारनी बायकोनी ओटी भरा!" लोक पोट धरून हसले. शेठ हसला. आबासुद्धा मिशीत हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथेच उभा होतो, हातात प्रसादाचा द्रोण, आणि मनात म्हणत होतो, तुझ्या हाताला कीड पडो. हे मी म्हटलं. अगदी याच शब्दांत म्हटलं.

पूजा झाली म्हणून प्रत्येक मशीन मिनिटभर फिरवायचा रिवाज होता. बाकीची फिरली. मोठ्या लेथचं बटण आबांनी दाबलं, आणि काही नाही. दारच जागेवर नव्हतं, तर मोटर चालणार कशी? आबांचा चेहरा उतरला. सणाच्या दिवशी मशीन रुसलं, अपशकुन! शेठ माझ्यावर खेकसला, "तू काय ती कारागिरी केली आहेस, ती काढ आता. चालू कर."

सांगतो, माझ्या सायकलच्या पिशवीत एक पाना होता. पूजेतला नव्हे, माझा स्वतःचा. दहा मिनिटांत मी जाळी बसवली असती. "थांबा, बसवतो आणि मग फिरवा," एवढंच म्हणायचं होतं. पण जाळीवर बांगड्या लटकत होत्या. त्या माझ्या हाताने उतरवून, सगळ्यांच्या दातांसमोर ती जाळी उचलून न्यायची? मी नाही उचलली. खिशातून काळी टेप काढली, आणि दाराचं बटण दाबून धरून त्याच्याभोवती तीन वेढे मारले. टेपला कोणी पूजेला मांडलं नव्हतं. "घ्या," म्हटलं, "फिरवा हौसेने."

नानाने मशीन चालू केलं. माळ चाकावरच होती, ती काढायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं की नाही, हे मी स्वतःला हजारदा विचारलं आहे. चाक फिरलं, माळ दोन वेढे घेऊन निसटली, आणि तिचं टोक खाली ग्रीसच्या घाणीत पडायला लागलं. देवाची माळ पायदळी पडू नये म्हणून नानाने हात पुढे केला. पट्ट्यात हात घालायला नव्हे, माळ झेलायला. ज्या माणसाने आयुष्यभर पट्ट्यापासून हात दूर ठेवला, त्याचा हात श्रद्धेने पुढे गेला. सुती दोरा असता तर तुटला असता. नायलॉन बोटांना गुंडाळला, बोटं पट्ट्याखाली, पट्टा चाकावर. एक झटका. नाना पुढे ओढला गेला, कपाळ मशीनच्या बेडवर आदळलं. मी मेन स्विच पाडला तेव्हा उजव्या हाताची चार बोटं गेली होती. झेंडूच्या पाकळ्या सगळीकडे उडत होत्या.

त्याला टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. शुद्ध नव्हती. टेम्पो फाटकाबाहेर गेला आणि शेठने दरवाजा लावून घेतला. म्हणाला, "इन्स्पेक्टर येणार आता. जाळी बसव."

मी म्हटलं, "पाने पूजेत आहेत."

आबा उठले. पाटावरचा पाना त्यांनी स्वतः उचलला, धोतराने कुंकू पुसलं आणि माझ्या हातात दिला. मी बांगड्या काढल्या, खण काढला, चाकं पुसली, टेप सोडवली आणि जाळी बसवली. वॉशर नवे घातले. इतकी बेतशीर जाळी मी आयुष्यात पुन्हा बसवली नाही.

इन्स्पेक्टर चौथ्या दिवशी आला. दार उघडून पाहिलं, मोटर थांबते का पाहिलं, खूश झाला. मला विचारलं, "मग हे झालं कसं?" शेठ माझ्याकडे बघत होता. बटणाला टेप मी मारली होती, खरं बाहेर आलं तर पहिली मान माझी. मी म्हणालो, "त्यांना सवय होती साहेब. जाळी काढून काम करायची. त्या दिवशीही त्यांनीच काढली, बटण बांधून मशीन चालवलं." आजूबाजूला अकरा माणसं उभी होती. एकानेही तोंड उघडलं नाही. इन्स्पेक्टरने लिहून घेतलं आणि नानाची नोकरी गेली. स्वतःच्या हाताने स्वतःचं करून घेतलेल्या माणसाला शेठ कशाला ठेवेल? त्याच आठवड्यात कोणीतरी म्हणालं, आता नानाला तंबाखू मळायला बायको लागणार. लोक हसले. मीही हसलो.

महिन्याने निरोप आला, नानाने बोलावलंय. मी रविवारच्या एसटीने त्याच्या खेड्यात गेलो. घर शेवटच्या गल्लीत, अंगणात खाट, खाटेवर नाना. हाताचं गाठोडं मांडीवर. कपाळावर टाक्यांची रेघ. दारात त्याची बायको, तिचा भाऊ बाजूला. भावानेच सांगितलं: मी कामगार कोर्टात जायचं म्हणतो आहे. जाळी मालकाच्या हुकमाने काढली असेल तर त्यांना दाजींना परत घ्यावं लागेल, बसून करायचं काही काम द्यावं लागेल. पण दाजी ऐकत नाहीत. दाजी म्हणतात, त्या माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकणार नाही.

नाना माझ्याकडे बघत म्हणाला, "त्या दिवसनं माले काहीच याद नही. घरनी निंघनू इतलंच. बठ्ठा म्हणतस, जाळी मीच काढी. रोज काढू मी, बराबर शे. पण तू ते बटण लाव्यावर नही काढू. मंग त्याच दिवस काबरं काढी मी?"

मी चपलेने अंगणातली माती उकरत राहिलो.

"तू व्हता तठे. वर्कशॉपमा एक तूच मन्हा तोंडवर बोलस. तू सांगशी ते खरं. मीच काढी का रे भो?"

एसटीत बसल्यापासून मी ठरवलेलं होतं. सांगून टाकायचं. वाक्यसुद्धा जुळवलं होतं. त्याची बायको पदर तोंडाशी धरून माझ्या ओठांकडे बघत होती. मी तोंड उघडलं, आणि नोकरी, टेप, शेठ, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

"हो नाना," मी म्हणालो, "तुम्हीच काढली."

त्याने मान हलवली. मेहुण्याकडे वळून म्हणाला, "देख, कोर्टनं नाव काढू नको आते." बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मग उरलेला डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"तू इतली मेहनत करीसन बनाई व्हती ती," तो म्हणाला, "आन मी काढी टाकी. माफ कर भो माले."

"असू द्या नाना," मी म्हणालो. "होतं असं माणसाच्या हातून."