तयेच्या दिवशी वाजलेला अलार्म

मी घासाघीस करतो हे साखळी गावच्या सगळ्या बाजाराला ठाऊक आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. पार्सेहून, आमच्या मूळ गावाहून, निघालो तेव्हा माझ्या हातात एक कापडी पिशवी होती, आणि पायांतल्या चपलासुद्धा माझ्या नव्हत्या. आज कारापूरला स्वतःचं घर आहे, साखळीला नळ-पायपांचं दुकान आहे. समोरच्यानं सांगितलेल्या पहिल्या आकड्याला मान डोलावत राहिलो असतो तर यातलं काही झालं नसतं.

घराला अलार्म बसवायला डिचोलीहून माणूस आला तेव्हाही मी तसाच वागलो. तो म्हणाला सहा सेन्सर लागतील. मी म्हटलं, चोर एक येणार, त्याला बघायला सहा डोळे कशाला? दोन तास आमचं चाललं. शेवटी तीन सेन्सर, एक भोंगा आणि सगळं फोनवरून चालू-बंद करायची सोय, एवढ्यावर ठरलं. शिवाय जाता जाता त्यानं आमची बिघडलेली दारावरची घंटा फुकट दुरुस्त करून दिली. पायऱ्या उतरताना तो म्हणाला, “तुमच्याकडे चोर यायचा नाही हो. आलाच तर तुम्ही त्याला दोन पाइप विकून पाठवाल.”

सेन्सर म्हणजे भिंतीवरचा तळहाताएवढा पांढरा डबा. उबदार अंगाचं काही त्याच्या समोरून हललं की त्याला कळतं. आधी माझ्या फोनवर निरोप येतो, आणि वीस आकडे मोजेपर्यंत बंद केला नाही तर भोंगा सुरू होतो.

हे सगळं करायचं कारण चवथ. चवथीला आमच्याकडचा माणूस आपल्या मूळ घरी जातो. गणपती तिथं असतो, एकच, सगळ्या भावंडांचा मिळून. अर्धा वाडा, म्हणजे आमची सगळी वस्ती, कुलूपबंद होतो. गेल्या वर्षी मागच्या आळीतल्या एका बंद घरातून गॅसचा सिलिंडर आणि पाणी तापवायचं तांब्याचं भाण गेलं.

आमचं घरही बंद असायचं, पण आम्ही मूळ घरी जात नव्हतो. सात वर्षं मी चवथीला पार्सेला पाय ठेवला नव्हता.

त्याचं कारण सांगतो आणि तुम्हीच ठरवा. गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, फळाफुलांची, रानातल्या वेलींची. त्या वर्षी सुपारीचा घड आणायचं काम माझ्याकडे होतं. डिचोलीच्या माटोळी बाजारात मी चार जणांकडे भाव केला आणि पाचव्याकडून घेतला. घड चांगला होता. लहान नव्हता, हे मी आजही सांगतो. पण आरतीला जमलेल्या तीस माणसांसमोर माझा थोरला भाऊ वर बघून म्हणाला, “देवाच्या माटोळीतसुद्धा ह्यानं घासाघीस केली बघा.” सगळे हसले. आरतीला वाजवतात ते मातीचं, चामड्याच्या तोंडाचं घुमट माझ्या हातात होतं, ते मी खाली ठेवलं आणि बायकोला घेऊन निघालो. मागून कोणी हाक मारली नाही.

तेव्हापासून चवथीला मी बायकोला घेऊन बाहेरगावी जायचो. कधी गोकर्ण, कधी कोल्हापूर. शेजारच्या घरांतून आरत्या ऐकू येतात आणि आपल्या घरात नुसता पंखा फिरतो, ते मला सोसत नव्हतं. बायकोला तर अजिबात नाही. तिला एकच हवं होतं, या घरात गणपती यावा. दर वर्षी श्रावण लागला की ती विषय काढायची. यंदा अलार्मवाला गेल्यावर म्हणाली, “घरात गणपती असता तर घर बंद ठेवायला लागलं नसतं, आणि हा डबाही लागला नसता.”

“वेगळा गणपती आणायचा तर थोरल्याला विचारायला लागतं,” मी म्हटलं. “मी विचारणार नाही.”

“मी विचारू?”

“माझ्या नावानं कोणी काही विचारायचं नाही.”

ती गप्प बसली. ती गप्प बसली की मला बरं वाटतं. ती माझी चूक आहे हे आता कळलंय.

पहिल्या आठवड्यात भोंगा नऊ वेळा वाजला. पाच वेळा मांजर, दोन वेळा पोदेर, म्हणजे पाववाला, कारण तो पाव ठेवायला बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, पायऱ्या चढतो. एकदा मी स्वतः. नवव्या वेळचं कारण कळलंच नाही. शेजारी सिंधुदुर्गातलं कुटुंब राहतं, नवरा टिप्पर चालवतो. त्याला चवथीला रजा मिळत नाही म्हणून त्यांनी आपला गणपती इथंच आणायला सुरुवात केली आहे. त्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, “भाऊनू, चोर येयत तेवा माका वेगळा सांगा हां. नायतर मी मांजराकच दूध घालीत रवान.”

मी डबा थोडा वर सरकवून घेतला. मांजर बंद झालं. पोदेर फाटकाबाहेरूनच भोंपू वाजवू लागला. मी खूश होतो.

चवथीच्या आदल्या दिवशी, म्हणजे तयेला, जिला घाटावर हरतालिका म्हणतात, आम्ही संध्याकाळी कोल्हापूरला निघणार होतो. दुपारी मी दुकानात होतो. बायको शेजारच्या बाईंकडे तयेच्या पूजेला जाणार होती. सहज फोन बघितला तर अलार्म बंद. घराला कुलूप आणि अलार्म बंद. एवढे पैसे घातले, एवढं शिकवलं, आणि ही विसरली. मी चिडून दुकानातूनच बटण दाबलं आणि अलार्म चालू केला.

पंधरा मिनिटांनी निरोप आला. पुढचा बाल्कांव, हालचाल.

मी मोजू लागलो. अकरापर्यंत मांजर असेल असं म्हणत होतो. वीस झाले. मग एक इंची पायपाचा हातभर तुकडा घेतला, गिऱ्हाइकाला तसंच उभं ठेवलं आणि स्कूटर काढली. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. इतक्या दिवसांनी कोणीतरी खरा चोर आला होता.

वळणावर एक रिक्षा माझ्या अंगावरून सुसाट गेली. रिक्षावाला घाबरलेला, मागं कोणी नाही. घराजवळ आलो तर भोंगा सगळ्या वाड्याला ऐकू जात होता आणि फाटकापाशी सात-आठ माणसं जमली होती. दोघांच्या हातात दांडे, एकाकडे कोयता. पण सगळे घराकडे पाठ करून उभे होते. शेजारच्या बाई आणि माझी बायकोसुद्धा. सगळे अगदी गंभीरपणे रस्त्याकडे बघत होते.

मी फाटक ढकललं.

बाल्कांवात माझा थोरला भाऊ उभा होता. धोतर, नवा शर्ट, अनवाणी पाय. दोन्ही हातांनी छातीशी गणपती धरलेला. हातभर उंचीचा, शाडूचा, पिवळ्या पितांबराचा. भावाचं वय पासष्ट. पण मूर्ती जराही कलली नव्हती. डोक्यावर भोंगा किंचाळत होता.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्या घरात गणपती नाही, तिथं आपलं कोणीतरी गुपचूप आणून ठेवतं आणि निघून जातं. दारात आलेल्या गणपतीला नाही म्हणता येत नाही. घरच्यानं विचारायचं नाही, ठेवणाऱ्यानं सांगायचं नाही आणि ठेवताना कोणाला दिसायचं नाही. वाड्यानं म्हणूनच पाठ फिरवली होती. दांडे घेऊन धावत आले, बघितलं, आणि वळून उभे राहिले.

भावाची पंचाईत अशी झाली होती की ठेवायचा पाट रिक्षात राहिला होता. तो गणपती घेऊन वर चढला, पाट आणायला परत जाणार एवढ्यात भोंगा सुरू झाला आणि रिक्षावाला पाटासकट पळाला. पाट आणि तांदूळ नसताना गणपती खाली टेकवणार कसा? पळून जावं तर हातात देव.

“आदी तुझो तो डबो बंद कर मरे,” तो म्हणाला. “ह्याचे कान बघ केदे ते.”

पावसाची बुरबुर होती, माझी बोटं ओली. फोन माझं बोट ओळखेना. मी फोनला शिव्या दिल्या, मग देवासमोर दिल्या म्हणून जीभ चावली. शेवटी बायको, जिचा स्वतःचा फोन कुलपाआड घरातच राहिला होता, तोंड न वळवता उलटी चालत माझ्यापर्यंत आली, पदराला फोन पुसला आणि भोंगा बंद केला.

“तू इथं काय करतोस?” मी विचारलं.

“मी हंय नायच. तुका कोण दिसता?”

फाटकाकडून शेजारच्या बाई म्हणाल्या, “आमका कोणच दिसाक नाय हां, भाऊनू. तुमी बेगीन पाट हाडा.”

मी कुलूप काढलं. देवघरातला पाट आणला, बायकोनं त्यावर तांदूळ पसरले आणि भावानं गणपती टेकवला. मग तो तिथंच जमिनीवर बसला आणि आपले दंड चोळू लागला. मी पाणी दिलं. सात वर्षांनी माझ्या हातचं पाणी तो प्यायला आणि तांब्या रिकामा करून परत दिला.

तेवढ्यात मला अक्कल आली. “अलार्म तू बंद केला होतास,” मी बायकोला म्हटलं.

“आणि चालू कोणी केला?” ती म्हणाली.

मी भावाकडे वळलो. “दीड दिवस ठेवणार.”

“पाच.”

“माझं दुकान आहे.”

त्यानं तोंड उघडलं. काय येणार ते मला ठाऊक होतं, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं, सात वर्षं घोटलेलं. पण तो थांबला. गणपतीकडे बघितलं, ओठ मिटले आणि म्हणाला, “दीड तर दीड. पण तिसऱ्या दिसा पार्सें जेवाक येवचा.”

“घुमट मी वाजवणार.”

“तुझे हात रवले आसत तर वाजय.”

त्या संध्याकाळी कोल्हापूर राहिलं. मी डिचोलीला माटोळीचं सामान आणायला गेलो आणि भाव केला. का नाही करायचा? चिबूड, पपनसासारखं तोरंजन, नारळांचा घड, सगळं आणलं. वाड्यातल्यांनी आपापल्या माटोळीतलं काढून दिलं ते वेगळंच. सकाळी पोदेर पहिल्यांदा चप्पल काढून पायऱ्या चढला. दीड दिवस दाराला कुलूप लागलं नाही. माणसं येत राहिली, बायको करंज्या तळत राहिली, आणि रात्री मी तिला झोप म्हटलं तर ती समईपाशी बसून नुसती बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी पार्सेला गेलो. कोणी काही विचारलं नाही. भावानं माफी मागितली नाही, मीही नाही. जुनी तीस माणसं होतीच. मी घुमट घेतलं, भाऊ गायला बसला. एक आरती संपली की तो दुसरी काढायचा, मुद्दाम लांब कडव्यांची, आणि माझ्याकडे बघायचा. माझे तळवे लाल झाले होते, पण मी थांबलो नाही. त्याचा आवाज बसत चालला होता, पण तोही थांबला नाही. माणसं हसत होती, टाळ कुटत होती, आता आरती सोडून आमच्याकडेच बघत होती.

स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आल्या. “भात निवलो,” त्या म्हणाल्या. “तुमच्यातलो कोण तरी एकटो हरा आनी सगळ्यांक जेवाक सोडा.”

भावानं पुढची आरती सुरू केली. सगळ्यांनी भात गारच खाल्ला.