सासूबाईंची प्रश्नावली

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत कॅरी गावी राहायला गेलो आणि मला विद्यापीठाच्या एका अभ्यासात नोकरी लागली. गरोदर बायकांच्या घरी जाऊन छापील प्रश्न विचारायचे. आईच्या खाण्यापिण्याचा, कष्टांचा बाळाच्या वजनावर काय परिणाम होतो, हे पुढे तज्ज्ञ शोधणार होते. नियम कडक होता : उत्तर त्या बाईनंच द्यायचं.

एका शनिवारी दुपारी मी एका मराठी घरी गेले. नवरा इंजिनियर. बायकोच्या उलट्यांचासुद्धा त्यानं तक्ता केला होता. मी तिला विचारलं, "दिवसाला कॉफी किती?"

"पॉइंट सेव्हन कप," तो म्हणाला. "ॲव्हरेज."

मी नियम सांगून त्याला बाहेर काढलं. तो लॉन कापायला गेला. आत राहिलो मी, सून आणि बाळंतपणासाठी नागपूरहून आलेल्या सासूबाई.

दारूचा प्रश्न आला. सून म्हणाली, "नाही."

"ऑफिसच्या पिकनिकला बिअर घेतली होतीस की," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "शास्त्राचं काम आहे, खरं सांगावं."

सून लाल झाली. मी 'एक ग्लास' लिहिलं.

"याआधीची बाळंतपणं?"

"हे पहिलंच."

"माझी सात," सासूबाई म्हणाल्या. "चार जगली. मला विचार ना."

"काकू, तुम्ही अभ्यासात नाही."

"मला कुणी कधी कशातच घेतलं नाही. तू विचार."

मी कोरा फॉर्म काढला. नवव्या महिन्यापर्यंत विहिरीचं पाणी भरलं, सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खाल्लं, असं त्या तासभर सांगत होत्या. गेलेल्या तिघांबद्दल सांगताना त्यांचा आवाज हलला नाही. सून मात्र पाणी आणायला म्हणून उठली, ती बराच वेळ आलीच नाही.

सोमवारी माझ्या हातून दोन्ही फॉर्म जमा झाले. सुपरवायझर बाईंनी मला बोलावलं.

"हिचं वय अडुसष्ट आहे," त्या म्हणाल्या. "आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख तुम्ही लिहिलेली नाही."

मी सगळं कबूल केलं. त्यांनी फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. "अभ्यासात चालणार नाही. पण एवढी पूर्ण उत्तरं मला अजून कुणी दिली नाहीत." त्यांनी तो स्वतःच्या खणात ठेवला.

मी सासूबाईंना फोन करून हे सांगितलं.

"म्हणजे पास झाले का मी?"

"झालात, काकू," मी म्हटलं.